विरुद्ध दिशेची बले : एका प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर

गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी दोन तासांचा अभ्यासवर्ग घ्यावा, अशी मंडळाच्या कार्यकर्त्यांची इच्छा होती आणि विज्ञानाचे काम माझ्याकडे आले होते. गतीचे नियम चालू होते. तिसरा नियम मी फळ्यावर लिहिला आणि मुलांनी वह्यांत उतरवून घेतला. तेवढ्यात नववीतील एक मुलगी उभी राहिली.

"सर, बैल गाडीला जेवढ्या जोराने पुढे ओढतात, तेवढ्याच जोराने गाडी बैलांना मागे ओढते, असं पुस्तकात आहे. बलं सारखी आणि उलट दिशेची असली की निव्वळ बल शून्य होतं, हेही पुस्तकातच आहे. मग गाडी हलतेच कशी?"

घड्याळात दहा मिनिटे उरली होती. मी म्हणालो, "ती दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत. एवढं लिही, मार्क मिळतील." उत्तर चुकीचे नव्हते. पण ती खाली बसली तेव्हा तिला काही कळलेले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला घरी आल्यावर अधिक टोचले ते निराळेच. त्याच महिन्यात त्याच विहारात कालामसुत्तावर प्रवचन झाले होते. केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, ही भगवान बुद्धांची शिकवण तिने माझ्यापासून चार हातांवर बसून ऐकली होती. आणि मी तिला मार्कांपुरते उत्तर देऊन मोकळा झालो होतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरविले की ते राहिलेले उत्तर येथे पूर्ण द्यावे. पालकांनीही वाचण्यास हरकत नाही. वजाबाकी आणि भागाकार येत असला म्हणजे पुरे.

बैलगाडी म्हटली की सातारा जिल्ह्यातील आपल्या माणसाला एक गाडी आठवल्यावाचून राहत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, लहान भीमराव आणि बरोबरची घरची मुले वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीवर होते. मुलांची जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून पायी चालणार. रात्रभराच्या त्या प्रवासात मुलांजवळ शिदोरी होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

आपल्या हिशोबासाठी अशीच एक गाडी घेऊ. खाली येणारे आकडे अर्थातच माझे आहेत, त्या गाडीचे नाहीत. परंतु लाकडी चाकांची भरलेली गाडी आणि कच्चा रस्ता यांना शोभतील असेच ते घेतले आहेत.

प्रथम माप. बल न्यूटनमध्ये मोजतात. एक किलो ज्वारीची पिशवी तळहातावर धरली की तिचा जो भार जाणवतो तो सुमारे १० न्यूटन. (काटेकोर आकडा ९.८ आहे; मी १० धरतो म्हणजे डोक्यात गणित होते.) म्हणून पन्नास किलोच्या पोत्याचे वजन ५०० न्यूटन. बलाला आकडा असतो तशी दिशाही असते आणि विद्यार्थी फसतात ते दिशेपाशीच. यासाठी गणिताला हात घालण्यापूर्वी एक दिशा धन ठरवावी. गाडी जिकडे जायची तिकडे धन, उलट दिशेला ऋण. सर्व बलांची चिन्हांसह बेरीज केली की जे उरते ते निव्वळ बल. एका दिशेची बले मिळतात, विरुद्ध दिशेची वजा होतात, आणि उत्तराचे चिन्ह कोणती बाजू वरचढ ते सांगते.

समजा, माणसांसह भरलेल्या गाडीचे वस्तुमान ८०० किलोग्रॅम आहे. बैलजोडी तिला ७०० न्यूटन बलाने पुढे ओढते. चाके धुळीत रुततात, आस घासतो, चाकोरीत चाकाच्या कडा घासतात. या सगळ्याचा मिळून विरोध ५०० न्यूटन. (आसाला वंगण नीट घातले असेल तर तो कमी होईल. जुनी माणसे गाडी जुंपण्यापूर्वी वंगणाकडे बघत ते उगाच नव्हे.) तेव्हा

निव्वळ बल = ७०० − ५०० = २०० न्यूटन, पुढे.

निव्वळ बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. २०० भागिले ८०० म्हणजे ०.२५. अर्थ असा की दर सेकंदाला गाडीचा वेग सेकंदाला पाव मीटरने वाढत जातो. चार सेकंदांत तो सेकंदाला १ मीटर होतो. ही बैलांची नेहमीची चाल झाली, तासाला साडेतीन किलोमीटरच्या थोडी वर.

आता पुढे काय होते ते नीट पाहा, कारण निम्मा वर्ग येथेच गारद होतो. चाल धरल्यावर बैल सैल होतात आणि ५०० न्यूटनच ओढतात. विरोध ५०० आहेच. निव्वळ बल शून्य. मग गाडी थांबली का? नाही. ती त्याच चालीने, सेकंदाला १ मीटर, चालत राहते. निव्वळ बल शून्य म्हणजे गती शून्य, असे मुले धरून बसतात, आणि खरे सांगायचे तर आपण शिक्षकही पुष्कळदा 'संतुलित बले म्हणजे स्थिर वस्तू' एवढेच सांगून त्यांना तसे धरायला लावतो. निव्वळ बल गती ठरवीत नाही, गतीतला बदल ठरविते. ते शून्य असेल तर चालू गाडी चालू राहील आणि उभी गाडी उभी राहील. गाडी थांबवायची तर बैलांनी ओढणे ५०० च्या खाली आणले पाहिजे. समजा ३०० वर आणले, तर ३०० − ५०० = −२००. येथे ऋण चिन्हाचा अर्थ गाडी मागे जाईल असा नाही. गाडी पुढेच जात असते, फक्त तिचा वेग दर सेकंदाला पाव मीटरने कमी होतो आणि चार सेकंदांत ती उभी राहते.

रस्ता चढणीचा लागला तर गाडीच्या वजनाचा काही भाग तिला मागे ओढू लागतो. चाळीस मीटर चालल्यावर एक मीटर चढायचे, असा चढ असेल तर वजनाचा चाळिसावा भाग. वजन ८,००० न्यूटन, त्याचा चाळिसावा भाग २००. तो विरोधाच्याच दिशेला असल्याने त्यात मिळतो : ५०० + २०० = ७००. म्हणजे सपाटीवर ज्या ७०० न्यूटनने गाडीने वेग घेतला, तेवढ्यानेच चढावर ती जेमतेम एकसारखी चालेल. उतारावर हेच २०० न्यूटन पुढच्या बाजूला जातात आणि बैलांना केवळ ३०० ओढावे लागतात. आणि उतार जर दहाला एक असा तीव्र असेल तर वजनाचा दहावा भाग, ८०० न्यूटन, पुढे ओढणार आणि विरोध मात्र ५०० चाच. बैलांनी काडीचे न ओढताही निव्वळ बल ३०० न्यूटन पुढे! मग गाडी बैलांच्या अंगावर येते, जू मानेवरून पुढे सरकू लागते, गाडीवान कासरे खेचून धरतो आणि बैल पाय रोवून मागे रेटतात. पसरणीच्या घाटातून भरली गाडी उतरवणाऱ्याला हे गणित कोणी शिकविलेले नव्हते, पण चढापेक्षा उताराची भीती अधिक, हे त्याला पक्के ठाऊक होते.

एवढी तयारी झाल्यावर आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

तिसऱ्या नियमाप्रमाणे बैल गाडीला ७०० न्यूटनने पुढे ओढतात, तेव्हा गाडीही बैलांना ७०० न्यूटनने मागे ओढते. हे पूर्ण खरे आहे. तिने या दोन बलांची वजाबाकी केली आणि शून्य आणले. चूक वजाबाकीत नाही. चूक ही की दोन खात्यांतल्या रकमा तिने एका खात्यात मांडल्या. आपल्या मंडळाच्या खजिनदाराने एका सभासदाची जमा दुसऱ्याच्या नावे असलेल्या खर्चातून वजा केली तर हिशोब जुळेल का? प्रत्येक वस्तूचे खाते निराळे. गाडीच्या खात्यात फक्त गाडीवर लागलेली बले मांडायची, आणि बैलांच्या खात्यात फक्त बैलांवर लागलेली.

गाडीचे खाते वर केलेच आहे. बैलांची ओढ ७०० पुढे, रस्त्याचा विरोध ५०० मागे, निव्वळ २०० पुढे. गाडी बैलांना जे मागे ओढते ते गाडीवर लागलेले बल नव्हेच, म्हणून ते या खात्यात येत नाही.

आता बैलांचे खाते. समजा, जोडीचे मिळून वस्तुमानही ८०० किलोग्रॅम आहे. गाडी त्यांना ७०० न्यूटनने मागे ओढते; तिने सांगितलेले ते बल हेच. पण बैलही गाडीइतकेच त्वरण घेत पुढे जात आहेत, म्हणजे त्यांच्यावरही २०० न्यूटन निव्वळ बल पुढच्या दिशेने असलेच पाहिजे. त्यासाठी पुढच्या बाजूने ९०० न्यूटन लागतील, कारण ९०० − ७०० = २००. हे ९०० न्यूटन देते कोण?

जमीन देते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. येथेही तोच तिसरा नियम. ही गोष्ट लक्षात आली की पुष्कळ काही उलगडते. चिखलात बैल बलवान असूनही गाडी का रुतून बसते? बैलांचा जोर कमी झालेला नसतो. जमीनच त्यांना पुरेसे पुढे रेटू शकत नाही, खूर घसरतो. बैलांना पत्री का मारतात? खूर झिजू नयेत म्हणून, आणि कठीण रस्त्यावर पाय घसरू नये म्हणूनही. सांगलीकडे ऊसतोडणीच्या हंगामात टायरची गाडी ओल्या सरीतून पक्क्या रस्त्यावर काढताना तोडकरी माणसे चाकाला हात घालतात आणि बैलांच्या पायाखाली पाचट टाकतात. पाचट टाकणे म्हणजे जमिनीकडून मिळणारे ९०० न्यूटन मिळवण्याची सोयच होय.

पडताळा घेऊ. गाडी आणि बैल मिळून एकच वस्तू धरली तर तिचे वस्तुमान १,६०० किलोग्रॅम. आता बैल आणि गाडी एकमेकांना काय करतात हा घरातला व्यवहार झाला, बाहेरच्या हिशोबात तो येत नाही. बाहेरून लागणारी बले दोनच : जमिनीकडून खुरांवर ९०० पुढे, रस्त्याकडून गाडीवर ५०० मागे. निव्वळ ४००. भागिले १,६०० केले की ०.२५. तिन्ही वाटांनी उत्तर एकच आले. तेव्हा, मुली, तुझा शून्य येथे येतो : बैल आणि गाडी यांना एक धरल्यावर त्यांचे आपसातले ७०० आणि ७०० खरोखरच एकमेकांना मारतात. पण म्हणून गाडी थांबत नाही, कारण तिला चालवते ते जमिनीचे रेटणे.

रस्सीखेचीचेही असेच आहे. जयंतीच्या खेळांत दोन्हीकडे आठ-आठ जण दोर ओढतात आणि प्रेक्षक ओरडतात, 'हातात जोर लावा!' दोर हलका असल्याने दोन्ही संघांच्या हातांत ताण जवळजवळ सारखाच असतो. जिंकतो तो संघ पायांनी जिंकतो. डावीकडच्या संघाला जमीन १,८०० न्यूटनने मागे रोवून धरीत असेल आणि उजवीकडच्याला १,६५० ने, तर सोळा जणांच्या साखळीवर निव्वळ बल १५० न्यूटन डावीकडे. मधला रुमाल डावीकडे सरकणारच. म्हणून संघ निवडताना दंड बघण्याआधी तळव्यांकडे बघा.

आता एक बारीकशी, पण फार मुलांना पाडणारी खोच सांगतो. ती गाडी उभी आहे. नवी, कोवळी जोडी जुंपली आणि तिने ३०० न्यूटनने ओढले. विरोध ५००. मुले लगेच लिहितात, ३०० − ५०० = −२००, म्हणजे निव्वळ बल २०० न्यूटन मागे. मी विचारतो, मग उभी गाडी मागे पळू लागेल का? वर्ग हसतो, पण वहीत तेच लिहिलेले असते. मघाशी चालत्या गाडीच्या बाबतीत हीच वजाबाकी बरोबर होती. उभ्या गाडीच्या बाबतीत ती चूक का?

कारण ५०० ही विरोधाची कमाल मर्यादा आहे. उभ्या वस्तूवरचे घर्षण स्वतःहून काही करीत नाही, ते फक्त जबाब देते, आणि मागितला तेवढाच. १०० ने ओढाल तर ते १०० ने अडवील, ३०० ने ओढाल तर ३०० ने. दर वेळी निव्वळ बल शून्य. ओढ ५०० च्या पुढे गेली की मात्र त्याचा जबाब संपतो आणि गाडी हलते. (प्रत्यक्षात उभी गाडी हलविण्यास चालत्या गाडीपेक्षा थोडे अधिकच बल लागते, सोपेपणासाठी मी एकच आकडा घेतला.) तेव्हा विरुद्ध दिशेची बले वजा करण्यापूर्वी विचारायचे की समोरचे बल आपल्या जोरावर उभे आहे की फक्त जबाब देणारे आहे? जबाब देणारे असेल तर त्याची मर्यादा किती?

पाटण तालुक्यातील कोयना धरणाइतके मोठे उदाहरण याला दुसरे सापडणार नाही. धरण सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरहून अधिक लांब आहे, आणि शिवसागर जलाशय भरला की त्यात १०५ टीएमसी पाणी मावते. अशा धरणाला गुरुत्व धरण म्हणतात. आपल्या वजनाने पायाचा खडक दाबून धरून ते पाण्याचा रेटा सोसते. हा रेटा काढणे नववीच्या मुलालाही जमेल. समजा, भिंतीशी पाणी ८० मीटर खोल आहे. दाब पृष्ठभागावर शून्य आणि तळाशी सर्वाधिक, म्हणून सरासरी दाब निम्म्या खोलीवरचा, म्हणजे ४० मीटरचा घेऊ. तो दर चौरस मीटरला ४ लाख न्यूटन. भिंतीची फक्त एक मीटर लांबी घेतली तर पाण्याला टेकलेले क्षेत्रफळ ८० चौरस मीटर. गुणाकार ३ कोटी २० लाख न्यूटन. दहा टन वजनाच्या ३२० भरलेल्या ट्रकांच्या वजनाएवढा हा रेटा, आणि तोही धरणाच्या केवळ एका मीटरवर!

धरण जागचे हलत नाही, म्हणजे पायाचा खडक त्याला तेवढ्याच बलाने उलट दिशेला धरून ठेवीत आहे. निव्वळ बल शून्य. आता उन्हाळ्यात पाणी ४० मीटरवर आले असे समजा. खोली निम्मी झाली, तर सरासरी दाबही निम्मा आणि क्षेत्रफळही निम्मे. रेटा चौथाई, ८० लाख न्यूटन. मग खडक अजूनही ३ कोटी २० लाखांनी रेटत राहिला तर धरण जलाशयाकडे सरकायला हवे! तसे होत नाही, कारण खडकही जबाबच देतो. ८० लाख मागितले की ८० लाख. पण त्याच्याकडे देण्यासारखे शिल्लक किती आहे, ती मर्यादा धरण बांधणाऱ्याला आधी मोजून ठेवावी लागते आणि पाण्याच्या सर्वांत मोठ्या रेट्याहून ती पुष्कळ वर ठेवावी लागते.

किती वर, याचा कस ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे लागला. त्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जमीन हलली तेव्हा धरणाचा पाया तिच्याबरोबर हलला. वरची प्रचंड भिंत मात्र जडत्वामुळे मागे राहू पाहत होती, आणि असे पुढे-मागे काही सेकंदांत अनेकदा झाले. पाण्याच्या नेहमीच्या रेट्यात ही नवी, दिशा बदलणारी बले मिळाली. धरणाच्या उंच भागांत भेगा पडल्या, तरी ते फुटले नाही. पुढे त्याला आधार देऊन ते अधिक मजबूत करण्यात आले. खाली कृष्णाकाठी कराडपासून सांगलीपर्यंतच्या गावांतून त्या पहाटे जे लोक जागे झाले, त्यांचे प्राण या शिल्लक मर्यादेवर होते.

आता सांगलीकडचे एक उदाहरण, बले वर-खाली असतानाचे. नाव पाण्यावर तरंगते तेव्हा तिचे वजन खाली आणि पाण्याची वरची उचल, म्हणजे प्लावक बल, वर. दोन्ही समान, निव्वळ शून्य. माणूस नावेत चढला की नाव थोडी खाली बसते, जास्त पाणी बाजूला सारते, आणि उचल तेवढीच वाढते. म्हणजे हेही जबाब देणारे बल. याची मर्यादा कोठे? नावेच्या काठाशी.

समजा, नावेचे वस्तुमान ४०० किलोग्रॅम आहे आणि काठापर्यंत बुडाली तर ती २,००० लिटर पाणी बाजूला सारते. तेव्हा उचल जास्तीत जास्त २०,००० न्यूटन. नावेचे स्वतःचे वजन ४,०००. उरले १६,०००. साठ किलोच्या माणसाचे वजन ६०० न्यूटन धरले तर १६,००० भागिले ६०० म्हणजे २६ माणसे आणि काही बाकी. कागदावर २६ माणसे बसली! पण आता शिल्लक बघा. २६ माणसांचे १५,६०० आणि नावेचे ४,००० मिळून १९,६००. मर्यादेला फक्त ४०० न्यूटन कमी, म्हणजे ४० लिटर पाणी. लाटेबरोबर दोन-तीन हंडे पाणी आत आले की वजन उचलीवर मात करते आणि निव्वळ बल खाली. तेच १३ माणसे बसविली तर वजन ११,८०० होते आणि शिल्लक ८,२०० न्यूटन. माणसे निम्मी केली तर शिल्लक वीसपट झाली. यात नाव कलण्याचा हिशोब मी धरलेलाच नाही. एका बाजूला गर्दी झाली की काठ त्या बाजूला आधीच पाण्याखाली जातो, त्यामुळे खरी मर्यादा याहून बरीच खाली असते.

हे मी नुसते गणित म्हणून लिहिलेले नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अनेकांचे प्राण गेले, त्यांत बाया आणि लहान मुलेही होती. पुराच्या वेळी पाण्यात अडकलेल्या माणसाला 'पुढच्या खेपेला ये' म्हणणे फार अवघड आहे, हे मलाही कळते. तरीही काठावर उभा राहून हा हिशोब घालणारा एक तरी जण प्रत्येक गावात हवा, आणि तो आपल्या अभ्यासवर्गातील मुलगा किंवा मुलगी असायला काय हरकत आहे?

विद्यार्थ्यांनी खालील उदाहरणे स्वतः सोडवावीत. दर वेळी प्रथम वस्तू ठरवा, तिच्याभोवती एक चौकट काढा, आणि केवळ तिच्यावर लागणाऱ्या बलांचे बाण काढा. गुरुत्वत्वरण १० धरावे.

(१) ६०० किलोग्रॅमच्या चालत्या गाडीला बैल ६५० न्यूटनने ओढतात, विरोध ५०० न्यूटन. निव्वळ बल आणि त्वरण काढा.

(२) तीच गाडी उभी असताना बैलांनी ३५० न्यूटनने ओढले. विरोधाची कमाल मर्यादा ५०० न्यूटन. निव्वळ बल किती? घर्षण किती?

(३) तीच गाडी बाराला एक अशा उतारावर सेकंदाला १ मीटर वेगाने जात आहे आणि बैलांनी ओढणे पूर्ण सोडले आहे. विरोध ५०० न्यूटन. गाडीचे पुढे काय होईल?

(४) स्प्रिंगच्या ताणकाट्याची दोन टोके दोन मुले धरतात आणि विरुद्ध दिशांना प्रत्येकी ५० न्यूटनने ओढतात. काटा स्थिर आहे. तो किती दाखवील : ०, ५० की १००?

उत्तरे : (१) १५० न्यूटन पुढे, त्वरण ०.२५. (२) निव्वळ बल शून्य. घर्षण ३५० न्यूटन. (३) उताराचे ५०० पुढे, विरोध ५०० मागे. निव्वळ बल शून्य, म्हणून गाडी त्याच वेगाने जात राहील.

चौथ्याचे उत्तर मुद्दाम दिलेले नाही. विहारातील कपाटात दोन ताणकाटे ठेवले आहेत. एक मुलगा काढून त्याच्या जागी भिंतीतला खिळा ठेवला तर काट्यावर काय फरक पडतो, तेही त्याच वेळी करून बघा.